लोखंड ऐकणारी पेटी

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत खिडकीकडचे एक कपाट आहे. त्याच्या सगळ्यांत खालच्या फळीवर राखाडी रंगाची जी जड पेटी धूळ खात बसली आहे, ती मी. समोर बशीएवढा गोल काचेचा पडदा, त्याखाली चार काळी बटणे, आणि कडेने निघालेल्या जाड तारेच्या टोकाला अंगठ्याएवढे पितळी तोंड. बोलणे मला फारसे जमत नाही. मी ऐकण्यासाठीच घडवली गेले. पण माझ्या शेजारी एक चिकट, काळवंडलेली बाटली ठेवलेली आहे, आणि तिची हकीकत माझ्याशिवाय आता कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हे धाडस करते आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात, लढाईच्या दिवसांत झाला. जहाजांना लागणाऱ्या लोखंडात बाहेरून न दिसणारी चीर असेल, तर ती शोधायची, हे माझे काम. माझ्या पितळी तोंडात एक पातळ स्फटिक बसवलेला आहे. वीज दिली की तो थरथरतो आणि त्यातून एक हाक निघते. ती इतकी बारीक असते की माणसाच्या कानाला मुळीच ऐकू येत नाही. ती लोखंडात शिरते, पलीकडच्या कडेवर आपटते आणि परत येते. वाटेत चीर असली तर तिथूनच मागे फिरते. परत आलेली प्रत्येक हाक माझ्या पडद्यावरच्या हिरव्या रेघेवर एक काटा उभा करते. काटा जितका दूर, तितकी चीर खोल. एवढेच माझे शहाणपण.

लढाई संपली आणि मी एका लिलावात विकली गेले. फिरत फिरत हिंगणघाटला वासुदेवरावांच्या जिनात पोहोचले. तिथे सरकी वेगळी करून कापसाच्या गाठी बांधत. गाठी दाबणाऱ्या प्रेसचा दांडा पूर्वी एकदा मोडला होता, म्हणून वासुदेवरावांनी मला हौसेने घेतले. पण मला चालवायचे कसे हे कुणालाच कळेना. शेवटी मी रूपराव मिस्त्रींच्या वाट्याला आले.

रूपराव म्हणजे अबोल माणूस. माणसांशी बोलताना त्यांचे पहिले तीन शब्द घशातच अडकत. यंत्रांशी मात्र ते तासन्‌तास बोलत. माझ्यासोबत आलेले इंग्रजी पुस्तक त्यांनी शब्दकोश घेऊन एका उन्हाळ्यात संपवले. दांड्यावर ग्रीस लावायचे, माझे तोंड त्यावर टेकवायचे आणि आवाजाचे बटण हळूहळू कमी करत न्यायचे, ही त्यांची रीत होती.

"ओरडू नको," ते मला म्हणत. "हळू बोल अन् आइक."

आणि खरेच, मित्रांनो, मी ओरडले की सगळे काटे एकमेकांत मिसळून एक जाड खांब होई. हळू बोलले की त्याच खांबातून दोन बारीक काटे वेगळे निघत.

एका हंगामाच्या सुरुवातीला मी प्रेसच्या दांड्यात चीर दाखवली. दांडा उतरवून कापला, तर ती निघालीही. त्या दांड्याच्या अगदी खाली उभा राहून काम करणारा माणूस म्हणजे लहानू. त्या दिवसापासून तो येता-जाता माझ्या टपावर थाप मारी. "काय माय, बराबर हाय ना?" असे विचारी. रूपरावांना त्याचे सगळे बोलणे आवडे, कारण त्याच्यापुढे त्यांना स्वतः बोलावे लागत नसे.

१९५८ सालच्या हंगामात, कापसाच्या गाड्यांची रांग वेणा नदीच्या पुलापर्यंत गेली होती, तेव्हा लहानू आजारी पडला. ताप उतरेना, उजव्या बरगडीखाली हात लावू देईना. गावात विमलाबाई डॉक्टरांचा सहा खाटांचा दवाखाना होता. त्यांनी निदान केले, यकृतात पू झाला आहे. तो सुईने काढायला हवा होता. त्यांनी दोनदा सुई घातली, दोन्ही वेळा ती कोरडी आली. पू नेमका कुठे, किती खोल, ते कळायला मार्ग नव्हता. फुटून छातीत उतरला, तर लहानू वाचणार नव्हता. नागपूरपर्यंतचा प्रवास त्याला सोसण्यासारखा नव्हता.

विमलाबाईंनी एका परदेशी मासिकात वाचले होते की कुठेतरी डॉक्टर लोक लोखंड तपासण्याचे यंत्र माणसाच्या पोटावर लावून पाहत आहेत. त्या सरळ जिनात आल्या.

"रूपराव, तुमची ही पेटी माणसाच्या पोटातलं सांगेल का?"

रूपराव अडखळत म्हणाले, "बाई, ते... लोखंडाची हाय जी. माणूस काई लोखंड नोय."

"मी लहानूसाठी विचारते आहे. तिसरी सुई मी आंधळेपणानं घालणार नाही."

 रूपराव माझे स्क्रू सोडवू लागले.

मला खाचरात, कापसाच्या गादीवर ठेवून दवाखान्यात नेले. बैलांना इतक्या हळू चालवले की रस्त्यावरची माणसे नवरी चालली की काय म्हणून वाकून पाहत होती. खाटेजवळ लहानूची बायको कमला बसली होती. तिच्या मांडीशी जवसाच्या तेलाची बाटली होती.

"या भाऊ," ती म्हणाली. "शेजारीण म्हन्ते, देवऋषाले बलाव. म्या म्हटलं, दोन सालाआधी आमी दोघं नागपूरले दीक्षेले गेलतो, तवाच अंगारे-धुपारे सोडले. आता बाई हाय अन् तुमची पेटी हाय."

हे ऐकून रूपराव आणखीच घाबरले. मीही घाबरले.

दवाखान्यातल्या परिचारिका आनंदाबाई फार टापटिपीच्या. त्यांनी लहानूचे पोट स्पिरिटने पुसून लखलखीत केले. माझे पितळी तोंडही पुसले. रूपरावांनी ते बरगडीखाली टेकवले. मी हाक मारली आणि ऐकत राहिले. काहीच परत आले नाही. पडद्यावर सुरुवातीला माझ्या स्वतःच्या हाकेचा उंचवटा होता, त्यापुढे नुसती सरळ रेघ.

खाटेवरून लहानूचा बारीक आवाज आला. "काऊन मिस्त्री, माह्या पोटात काईच नाई म्हन्ते काय ते? बराबर हाय तिचं. चार रोजापासून जेवलोच नाई ना."

कुणी हसले नाही. कमला मात्र आनंदाबाईंवर घसरली. "म्या रोज जवसाचं तेल चोळून राह्यली, अन् ह्या बाई रोज पुसून राह्यल्या! गुण कुठून येईन?"

"दवाखाना आहे हा, तेलघाणी नाही," आनंदाबाई म्हणाल्या.

रूपराव एकदम ताठ झाले. जिनात त्यांनी मला कोरड्या लोखंडावर कधीच टेकवले नव्हते. इथे मात्र माणसाच्या अंगाला ग्रीस कसे लावायचे, या संकोचाने ते गप्प राहिले होते. माझे तोंड आणि कातडी यांच्यात केसाएवढी हवा राहिली, तरी माझी हाक तिथूनच मागे फिरते.

"वैनी," ते म्हणाले, "ते तेल... द्या इकडं."

कमलाने बाटलीच उपडी केली. आणि मित्रांनो, पडद्यावर रान उगवले! काटेच काटे, लहान, मोठे, दाट. रूपरावांच्या डोळ्यांत पाणी आले. पण विमलाबाई गंभीर होत्या.

"हे गवत मी कसं वाचू, रूपराव? मला आधी पुरावा हवा. तुम्ही खोली सांगायची आणि मी मोजून पाहायची. ते जमलं तरच मी सुई उचलीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बकऱ्याची कलेजी मागवली. रबरी हातमोज्याचे एक बोट कापून त्यात तांदळाची पेज भरली आणि तोंड बांधले. ते कलेजीच्या आत लपवायचे काम कमलाने केले. रूपरावांना बाहेर उभे केले होते. आत आल्यावर ते थाळीजवळ जाईनात, कारण मांसाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

"चावणार नाई ते, भाऊ," कमला म्हणाली. "मेलं हाय कवाच."

रूपरावांनी डोळे अर्धे मिटून माझे तोंड तेल लावलेल्या कलेजीवर टेकवले. पडद्यावर गवत दिसले, मग मोकळी जागा, मग पुन्हा गवत. मांसातून हाकेचे बारीक बारीक तुकडे परत येतात, पातळ पेजेतून काहीच येत नाही. मोकळी जागा म्हणजे पेज! मला आनंद झाला. रूपरावांनी पडद्याखालच्या पट्टीवर बोट ठेवून मोजले आणि म्हणाले, "पाच इंच आत हाय जी."

 आनंदाबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"पाच इंच? अहो मिस्त्री, कलेजीच अडीच इंच जाड आहे! मग ते बोट टेबलाखाली गेलं असेल!"

रूपरावांचे कान लाल झाले. त्यांनी मुकाट्याने माझी तार गुंडाळायला घेतली. विमलाबाईंनी खाटेकडे पाहिले. लहानूला धाप लागू लागली होती. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले, आपण जे ऐकले ते ऐकलेच नव्हते की काय? हरल्यासारखे वाटणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

पण तार गुंडाळता गुंडाळता रूपराव थांबले. "मले एक घमेलं पाणी द्या," ते म्हणाले.

घमेल्यात त्यांनी आपली पोलादी फूटपट्टी उभी धरून बरोबर चार इंच पाणी भरले. वरून माझे तोंड पाण्याला टेकवले. घमेल्याच्या तळाचा काटा पडद्याखालच्या पट्टीवर सोळा इंचांवर उभा राहिला.

"हे पाहा बाई," रूपराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा एकही शब्द अडकला नाही. "हे पेटी लोखंडाच्या मापानं बोलून राह्यली. लोखंडात हाक धावते, पाण्यात चालते. चार इंच चालाले तिले जेवढा वेळ लागला, तेवढ्यात लोखंडात सोळा इंच गेली असती. मांसही पाण्यासारखंच ओलं. पाचाचे चार भाग करा. सव्वा इंच!"

विमलाबाईंनी कलेजीत सुई उतरवली. सव्वा इंचावर पेज आली.

"अगो माय!" कमला ओरडली. "तितंच ठेवलं होतं म्या!"

खोटे मी बोलले नव्हते. मी फक्त माझ्या जुन्या सवयीने मोजत होते. रूपरावांनी त्याच दुपारी कागदाची नवी पट्टी आखली आणि भाताच्या खळीने माझ्या पडद्याखाली चिकटवली. तिचा एक तुकडा अजून तिथे आहे, नीट पाहिलात तर दिसेल.

तोवर लहानूचे ओठ काळवंडू लागले होते. वेळ उरला नव्हता. पुन्हा तेल लावले. बरगड्यांच्या फटीत, डॉक्टरांना वाटत होते त्याच्याही बरेच डावीकडे, मोकळी जागा दिसली. पलीकडची कड स्पष्ट होती. पण अलीकडची कड दिसेना. ती कातडीच्या इतकी जवळ होती की माझ्या हाकेच्या उंचवट्यातच बुडाली होती.

"पू कुठं सुरू होतो ते कळल्याशिवाय सुई किती घालू?" विमलाबाई म्हणाल्या. "इथून हृदय फार लांब नाही."

रूपरावांनी माझा आवाज कमी केला. उंचवटा लहान झाला, पण पुरेसा नाही. आणखी कमी केला तर पलीकडची कडच दिसेनाशी झाली. ते स्वतःशी पुटपुटू लागले. "इहिरीत वाकून हाक मारली तं खालचा आवाज येते... तोंडासमोरच्या भिंतीचा येत नाई. आपलाच आवाज कानात असते. मांगं सरा लागते. पण मांगं सरून टेकवू कुठं?"

कमला लहानूच्या पायांजवळ शेकायची लाल रबरी पिशवी घेऊन उभी होती. रूपरावांची नजर तिच्यावर पडली.

"वैनी, पिशवी!"

पाणी उकळून थंड केले, म्हणजे त्यात बुडबुडे राहू नयेत. इंजिनाच्या नळीतून हवा काढतात तशी रूपरावांनी पिशवी दाबून दाबून हवा काढली आणि बूच लावले. पिशवीला खाली तेल, वर तेल. ती लहानूच्या बरगडीवर ठेवली आणि माझे तोंड तिच्यावर टेकवले. मी दोन इंच मागे सरले होते.

आणि मग मला ऐकू आले. माझी पहिली मोठी हाक पिशवीच्या पाण्यातच विरली. पाणी शांत होते. त्यापुढे कातडीचा जाड काटा होता. रूपरावांनी बटण हळूच, केसाएवढे फिरवले. जाड काट्यातून दोन काटे वेगळे झाले. एक कातडीचा, एक यकृताच्या वरच्या कडेचा. मग थोडे गवत. मग एक स्वच्छ, बारीक, उभा काटा. मग मोकळे रान. मग शेवटचा काटा. इतके स्पष्ट मी लोखंडातही कधी ऐकले नव्हते.

"पिशवी वजा करून," रूपराव म्हणाले, "कातडीपासून एक इंच एक सूत. तिथं पू सुरू होते. साडेतीन इंचावर संपते."

"सूत म्हणजे?"

"इंचाचा आठवा भाग जी." त्यांनी फूटपट्टीवर दाखवला.

विमलाबाईंनी सुईवर दोन इंचांवर दोरा बांधला, म्हणजे त्यापुढे ती जाऊ नये. सुई हातात घेतली. तेवढ्यात रूपरावांनी त्यांना थांबवले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाई... माहं चुकलं असन तं?"

उत्तर लहानूने दिले. डोळे मिटलेलेच होते. "मिस्त्री, त्या दांड्याच्या खाली मी रोज उभा राहत होतो. तवा चुकले काय तुमी? घाला जी बाई सुई. ह्या माणसाले इच्यारत बसान तं हंगाम निंघून जाईन."

सुई आत गेली. पिचकारीचा दांडा मागे ओढला. क्षणभर काहीच नाही. मग काकवीच्या रंगाचा, दाट पू नळीत चढू लागला. पिचकारी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. वाडगा भरला. आनंदाबाईंनी दुसरा वाडगा पुढे केला. लहानूने कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. त्या श्वासाचा आवाज माझ्या तोंडातल्या स्फटिकापर्यंत आला. मी आजवर ऐकलेल्यांत तो सगळ्यांत मोठा आवाज होता.

कमला भिंतीला टेकून खाली बसली. रूपराव खिडकीतून बाहेर पाहत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या सकाळी ताप नव्हता. लहानूने ज्वारीची भाकर आणि ठेचा मागितला. विमलाबाईंनी पेज दिली. "पेज? ते तं तुमी बकऱ्याच्या कलेजीत भरत होत्या!" तो म्हणाला, आणि त्या दिवशी सगळे हसले. आनंदाबाईंनी स्पिरिटच्या बाटलीशेजारी जवसाच्या तेलाची बाटली मांडली, आणि तिलाही लेबल लावले.

आठवड्याने मी खाचरातून जिनात परतले. दारापाशी हमाल, गाडीवान, वेचणीच्या बाया, सगळे उभे होते. कुणीतरी भलत्याच वेळी जिनाचा भोंगा वाजवला. वासुदेवराव धावत बाहेर आले. "कोणं वाजवला बे भोंगा? सुट्टी झाली काय?" मग त्यांनी मला पाहिले आणि म्हणाले, "बरं, वाजवला तं वाजवला. आणखी एकदा वाजवा." रूपराव गर्दीतून मान खाली घालून माझ्यामागे चालत होते. कुणी पाठ थोपटली की दचकत होते. पण मी जवळून पाहिले, त्यांची मूठ माझ्या तारेभोवती घट्ट होती, आणि ते हसत होते.

त्यानंतर मी अकरा वेळा त्या दवाखान्यात गेले. दर वेळी रबरी पिशवी, दर वेळी तेल. पुढे मोठ्या शहरांत नवी यंत्रे आली. ती काटे नव्हे, चित्रच दाखवतात. त्यांचा मला हेवा वाटत नाही. पण तीही हाक मारतात आणि ऐकतात, त्यांच्याही तोंडाला काहीतरी ओले लावावेच लागते, असे मी ऐकून आहे. माझा स्फटिक थकला. उंदरांनी तार कुरतडली. रूपराव गेले. जिन बंद झाले, आणि मी या कपाटात आले.

लहानू मात्र दरवर्षी, कापूस घरात आला की, काठी टेकत यायचा. शिपायाकडून कपाट उघडून घ्यायचा. माझे पितळी तोंड जवसाच्या तेलाने पुसायचा, टपावर थाप मारायचा आणि विचारायचा, "काय माय, बराबर हाय ना?" शेवटच्या वर्षी तो बाटली इथेच ठेवून गेला.

मित्रांनो, परवा तुमच्या वर्गाची सफाई झाली. कुणीतरी ती बाटली उचलली, नाक मुरडले आणि केराच्या टोपलीकडे नेली. मग घंटा झाली म्हणून ती परत इथेच ठेवली. माझ्यावर धूळ बसली तर खुशाल बसू द्या, जमले तर पुसा. पण ती बाटली तेवढी फेकू नका. एकदा ते तेल पुसून टाकले होते ना, तेव्हा मला काहीच ऐकू आले नव्हते.